झटकन आलेलं ‘हो’

कडी खट्कन वाजली आणि दुपारच्या खोलीतली शांतता तडकली. लेक फोन डोळ्यांपुढे धरूनच आत आली. गेला महिनाभर ती घरात नव्हतीच म्हणा; त्या फोनमधल्या विद्यापीठात राहत होती. तिथल्या हिरवळीवर लोळायची, उंच खिडक्यांच्या ग्रंथालयात डुलक्या काढायची, जेवायला तेवढी घरी यायची.

“ठरलं. हेच विद्यापीठ. आज अर्जाची शेवटची तारीख आहे. इथल्या कॉलेजातल्या जागेवर सोडलं पाणी.”

“अगं, एवढी विद्यापीठं पाहिलीस. यालाच काय सोनं लागलंय?”

“बघच तू.” लेक आईला रेलून बसली. पडद्यावर पिवळी संध्याकाळ सांडली होती. कठड्यावर बसलेल्या एका मुलीला कुणीतरी विचारलं, “इथे आवडतं तुला?”

“हो!”

“पाहिलंस? क्षणभरसुद्धा विचार केला नाही. मला असं ‘हो’ म्हणायचंय, आई.”

आईनं तो ‘हो’ लगेच ओळखला. घरी बसून ती लोकांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची. तिचं नाव कुठे झळकत नसे, म्हणून लेकीलाही कधी पत्ता लागायचा नाही. कामात तिची ख्याती एकच: एक घाव, दोन तुकडे. बघणाऱ्याचं बोट भारी उतावीळ. कुणी दोन सेकंद गप्प बसलं, की तो पुढे सरकलाच.

“हा व्हिडिओ मी केलाय,” ती म्हणाली.

“काय सांगतेस! मग तर शिक्कामोर्तबच!”

आईनं आपल्या संगणकावर मूळ, न कापलेलं चित्रण उघडलं. तोच प्रश्न. मग नुसती शांतता. मुलीनं बाहीचा सुटलेला दोरा ओढला. लांब कुठेतरी पाहिलं. केस तोंडावर आले, ते तसेच राहू दिले. मागच्या इमारतीत एकेक दिवा लागत गेला. ओठ हलले, मिटले. सतरा सेकंदांनी ती हसली. “हो!”

कापताना आईनं मुलीकडे पाहिलंच नव्हतं. सेकंद तेवढे पाहिले होते.

लेकीचं बोट ‘अर्ज पाठवा’वर जाता जाता अधांतरी राहिलं. तिनं ते सतरा सेकंद पुन्हा लावले. स्वप्नात पाहावं तशी पाहत राहिली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मधल्या वेळात ही कुठे जाऊन आली गं?”