काकींचा हात

तीस प्रवासी घेऊन बस खाडीच्या उतारावर आली आणि पाण्यापासून दोन पावलांवर थांबली. पंधरा दिवस तिचं हेच चाललं होतं. रस्त्यावर शहाण्यासारखी धावायची, पण पाण्यात उतरून होडी व्हायला तयार नव्हती.

अकरा वर्षं ती रोहिदास तारी चालवायचे. त्यांचं बघून बघूनच ती शिकली, आणि ते वारल्यावर आता ड्रायव्हरशिवाय धावत होती. इंजिनिअर ओजसने बसच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण तपासलं तेव्हा कुठे उलगडा झाला. दर फेरीला मागच्या सरबताच्या टपरीतून तारींची बायको हात वर करायची. मगच ते बस पाण्यात घालायचे.

आज ओजसने चंद्रावतीकाकींना मुद्दाम टपरीत आणून बसवलं होतं.

"काकी, हात करा ना. बस तुमचीच वाट बघतेय."

काकींनी पदराने डोळे टिपले. बसच्या पाठीकडे नीट पाहिलं. हात मात्र मांडीवरून हलला नाही.

"काकी, लोक खोळंबलेत."

"रवांदेत. मागचा बूच खंय आसा? ह्ये एकदा इसारले, तेव्हापासून माका बघूचाच लागता."

ओजसचा हात खिशाकडे गेला. सकाळी बस धुतल्यावर आतलं पाणी काढायला त्यानेच काढलेलं बूच तिथेच होतं. धावत जाऊन त्याने ते घट्ट बसवलं.

काकींनी हात वर केला.

पाण्यात उतरताना बसने एक बारीकसा हॉर्न दिला. तो तारी फक्त बायकोसाठी द्यायचे.