पडद्यामागची बाजू

"आवाज का येत नाहीये?" समतानं इंग्रजीत विचारलं.

संग्रहालयातल्या योलांडानं दोन-तीन बटणं दाबून पाहिली. रीळ बघायच्या टेबलावर ताटाएवढी काच होती आणि तिच्यावर मुकं चित्र हलत होतं. मास्ट्रिख्टचा एक संग्राहक वारला, त्याच्या तळघरात हे शेवटचं रीळ सापडलं. बाकीचा सिनेमा कुठेच उरलेला नव्हता. मराठी चित्रपटांचा इतिहास लिहिणारे भानुदास रॉटरडॅमला मुलीकडे आलेत हे कळल्यावर, ओळख पटवायला अ‍ॅमस्टरडॅमच्या या संग्रहालयानं त्यांनाच बोलावलं.

"हाच का हो बाबा? आईचा सिनेमा?"

"हाच."

या सिनेमावरून घरात चाळीस वर्षं वाद होता. भानुदासांच्या बायकोनं, प्रमिलानं, तो नऊ वर्षांची असताना जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. ती सांगायची, नायिका डावखुरी आहे, शेवटी लेकराला डाव्या हातानं घास भरवते. प्रमिलाही डावखुरी. डाव्या हातानं जेवते म्हणून आजीच्या चापट्या खायची. त्या खेळानंतर मात्र तिनं कुणाचं ऐकलं नाही. जन्मभर डाव्या हातानंच जेवली.

भानुदासांकडे त्या नटीचे अकरा फोटो होते. सगळ्यांत उजवा हात. पुस्तकात त्यांनी तळटीप घातली : प्रेक्षकांच्या आठवणींवर विसंबू नये. प्रमिलानं ती वाचली. "तुमचे फोटो तुमच्यापाशी," म्हणाली आणि जेवणाची पानं घ्यायला उठली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मार्चमध्ये ती गेली.

काचेवर बाई चुलीपाशी बसली. तिनं भाकरीचा तुकडा मोडला. डाव्या हातानं.

"बाबा, डावा हात!" समता उठून उभीच राहिली. "आई खरं सांगत होती! आणि तुम्ही तिला खोटं पाडलंत."

भानुदास काचेवर वाकले.

"सॉरी," योलांडा म्हणाली. "फिल्म मी उलटी बसवलीय. आवाजाची पट्टी पलीकडे गेली. चित्रसुद्धा आरशात दिसतं तसं दिसतंय."

समता खाली बसली. "म्हणजे आईचंच चुकलं."

भानुदास अजून काचेवरच वाकलेले होते. तंबूत पडदा मधोमध टांगलेला असायचा. पुरुष पडद्याच्या पुढे, बायका-पोरी मागे. पातळ कापडातून त्यांना सगळं उलटं दिसायचं. हे त्यांनीच लिहिलं होतं, त्याच पुस्तकात, अख्खं एक पान. गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून, विचारून लिहिलं होतं. तू कुठे बसली होतीस, हे तेवढं घरात विचारलं नव्हतं.

"नाही गं," ते म्हणाले. "ती पडद्यामागे बसली होती. बायकांत. तिला हे असंच दिसलं."

योलांडानं यंत्र थांबवायला हात पुढे केला. "सरळ करून लावू?"

"नको, चालू दे," भानुदास तिला म्हणाले. "पुरुषांच्या बाजूनं नंतर बघू."

काचेवर त्या बाईनं डावा हात पुढे केला. लेकरानं तोंड उघडलं.