एकटीला किती तास?

“मला पटत नाही,” शंकासुर म्हणाली आणि गटातल्या बाकीच्या तिघांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी वर्गाचे चौघाचौघांचे गट पाडले होते. शाब्दिक उदाहरण एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने त्याचं चित्र काढायचं, तिसऱ्याने गणित मांडायचं आणि चौथ्याने उत्तर पटतं का ते सांगायचं. या गटात ते शेवटचं काम नेमकं त्या मुलीकडे आलं होतं. ऊठसूट शंका काढते म्हणून वर्गाने तिचं नाव शंकासुर ठेवलं होतं. तिलाही ते आवडायचं.

“बाई, हिला सांगा ना!”

बाई खुर्चीतून लगेच उठल्या नाहीत. कंबर धरली होती. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं त्याच करत होत्या. मग शाळा. घरी गेल्यावर पुन्हा तेच. भाऊ गावातच राहायचा. “काही लागलं तर सांग हं,” असं फोनवर म्हणायचा. “मी बघते,” बाई म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. झोप अशी लागतच नव्हती. आत्ताही मुलांचा गलका दुरून कुठून तरी आल्यासारखा वाटत होता.

पाय ओढत त्या गटापाशी गेल्या. उदाहरण अगदी साधं होतं. चार जणी मिळून एक सभागृह तीन तासांत झाडून-पुसून काढतात, तर एकटीला किती तास लागतील? मुलांनी बारा लिहिलं होतं.

“बरोबर आहे की,” बाई म्हणाल्या. “तुला काय पटत नाही?”

शंकासुरने चित्रावर बोट ठेवलं. “चौघी असल्या की गप्पा मारत करतील. ही एकटी आहे. बारा तास सलग कोण पुसतं, बाई? मध्येच मटकन खाली बसेल. रडेलसुद्धा.”

“गणितात कुणी दमत नाही!” गणित मांडणारा मुलगा वैतागला.

“नसेल दमत. पण बाकीच्या तिघी आहेत ना? मग ही त्यांना हाक का मारत नाही?”

‘विचारलंय तेवढंच सोडवा’ हे बाईंचं नेहमीचं वाक्य. ते तोंडातून बाहेरच पडेना. “आलेच मी, पाणी पिऊन,” असं म्हणून त्या व्हरांड्यात गेल्या. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहून त्यांनी भावाला फोन लावला.

“दादा, मला आता एकटीला जमत नाहीये.”

आता कारणं ऐकावी लागणार, म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले.

“संध्याकाळी येतो,” भाऊ म्हणाला. “हिलाही घेऊन येतो. पण आईला चालेल ना? तूच म्हणायचीस, तिला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला खपत नाही.”

“मी समजावते तिला.”

घरी जाताना बाई वाटभर मनात वाक्यं जुळवत होत्या. आई रुसेल. भिंतीकडे तोंड करून पडून राहील. माझा कंटाळा आला का, असं विचारेल. त्याला काय उत्तर द्यायचं, ते काही केल्या सुचेना. चप्पल काढून त्या तशाच कॉटच्या कडेला टेकल्या.

“आई, आजपासून दादा आणि वहिनी पण येणार आहेत तुझं करायला. रागावू नकोस.”

आईने मान वळवून लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“रागावू कशाला?” ती म्हणाली. “मला कुणीही चाललं असतं गं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होते.”