तिसरी चिमणी

जपानमधल्या कानाझावातली कियोनो हाताने चित्रं काढायची आणि ती सदऱ्यांवर छापून विकायची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर मात्र तीन महिने तिचा उजवा हात मांडीवर निपचित पडून होता.

एका सकाळी शेजारची तोमोए तिच्याकडूनच घेतलेला सदरा नाचवत आली. "अगं कियोनो, तारेवर दोनच चिमण्या होत्या ना? ही तिसरी कधी काढलीस?"

"चेष्टा करतेस का? मला अजून जेवणाच्या काड्यासुद्धा धरता येत नाहीत!"

तरी कियोनोने डाव्या हाताने ती चिमणी चाचपली. शाई ओली होती. रेघ तिचीच होती, फक्त जराशी थरथरलेली.

तोमोए कियोनोच्या मांडीकडे बघत होती.

उजव्या हाताची बोटं शाईने माखली होती, आणि त्यांतलं एक हळूच हललं.