डबल तार

मोरव्याच्या गल्लीचा फ्यूज दुपारी दोनपासून तिसऱ्यांदा उडाला, तेव्हा लाइनमन महिपतने सगळ्यांना घरातले मेन स्विच पाडायला लावले. घरं एकोणीस. प्रत्येक दारात जाऊन त्याने स्वतः बघितलं. मग ट्रान्सफॉर्मरखालच्या डीपीच्या पेटीत फ्यूजची नवी तार भरली आणि गल्लीच्या वायरीला करंट मोजायचा मीटर अडकवला.

काटा हलायलाच नको होता. तो नव्वद अँपिअरवर जाऊन थांबला.

"मीटर बिघडला असेल," महिपत म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

फ्यूज साठ अँपिअरचा. ट्रान्सफॉर्मर आणि वायरी सतत किती ओझं वाहू शकतात, त्यावरून हा आकडा ठरतो. ओझं वाढलं की फ्यूजने मरायचं आणि बाकीच्यांना जगवायचं, एवढंच त्याचं काम. चट्ट आवाज झाला. चौथ्यांदा.

आशा आठ दिवसांचं बाळ घेऊन ओट्यावर उभी होती. घामाने बाळ किरकिरत होतं. "महिपतदादा, डबल तार टाका ना. गेल्या उन्हाळ्यात टाकलेली, एकदा पण नाही उडाला."

ती दुप्पट जाड तार महिपतनेच टाकली होती, लोकांच्या कटकटीला कंटाळून. फ्यूज खरंच उडाला नव्हता. टोकाच्या खोलीतली वायर मात्र तापत तापत पेटली, आणि आत झोपलेला नाथा उठलाच नाही. नंतर त्या खोलीची वायर महिपतनेच खांबावरून कापली होती.

त्याने पुन्हा तार भरली, शिडी लावली, वर चढला आणि हवेत लोंबणाऱ्या त्या कापलेल्या टोकाला मीटर अडकवला.

नव्वद.

खाली त्या खोलीच्या काळ्या पडलेल्या जोत्यावर नाथाची आई मनोरमा बसली होती. रोज दुपारी बसायची.

"तुजा मीटर बिगडला न्हाय," ती म्हणाली. "तवा उडाया पायजे व्हता, तो आता उडतोय."

पाचव्यांदा चट्ट झालं. महिपत उतरला. पिशवीतल्या जाड तारेच्या वेटोळ्याला त्याने हात लावला, आणि काढला. बारीक तारच बाहेर घेतली.

"किती वेळ उडणार हा, काकी?"

"माजा नाथा जागा व्हईस्तवर."

म्हातारीने हातातला पंखा उचलला आणि शेजारच्या रिकाम्या फरशीवर हळूहळू वारा घालू लागली.