डिकीची खडखड

घराच्या गॅरेजचं शटर आपोआप वर सरकू लागलं तेव्हा यशवंतराव त्याच्या मागेच खुर्ची टाकून बसले होते. ते दचकून उठले. मांडीवरची रिकामी कपबशी फरशीवर पडून फुटली.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, बाबूजी." कुणाल गाडीतून उतरला.

यशवंतराव त्याच्याकडे पाहत होते, पण जरा बाजूला. काचबिंदूमुळे त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं.

"आवाजच नाही आला रे तुह्या गाडीचा," ते म्हणाले. "चोरावानी आली."

कुणाल हसला. त्याला ते कौतुकच वाटलं. ही विजेवरची गाडी घेतल्यापासून तीन महिने तो तिच्या मागे लागला होता. डाव्या दाराचं रबर निघायचं. बॉनेट एका बाजूला बोटभर वर राहायचं. आणि जरासा उंचवटा आला की डिकीच्या आतलं झाकण खडखडायचं. इंजिनाचा आवाज नसल्याने ती खडखड सरळ डोक्यात जायची. आज सुट्टी टाकून तो नागपूरच्या सर्व्हिस सेंटरवर दिवसभर बसला होता आणि एकेक दोष समोर उभं राहून काढून घेतला होता. परतताना घरी सौंसरपर्यंत गाडीत काही म्हणजे काही वाजलं नव्हतं. हे सगळं त्याने वडिलांना सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, बरं झालं म्हणाले आणि भिंतीला हात लावत आत गेले.

वैशाली झाडू घेऊन आली.

"चार वाजल्यापासून तिथंच बसून होते," ती तुकडे गोळा करत म्हणाली. "चहाबी तिथंच घेतला. आत चला म्हटलं, तर ऐकतच नाही."

"कायले पण?"

तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सकाळी तुम्हीच तर सांगून गेले त्यांना. आज खडखड काढूनच येतो म्हणून."

कुणालला कळलं नाही. मग तिने हळू आवाजात सांगितलं. शटरच्या जागी टिनाचं फाटक होतं तेव्हा ते उघडणं हे बाबूजींचं काम होतं. डोळे गेल्यावर बाकीची कामं एकेक करून सुटली, हे तेवढं राहिलं होतं. फाटकाच्या कडीत त्यांचं बोट चेंगरलं आणि त्याच आठवड्यात कुणालने रिमोटचं शटर बसवून घेतलं. त्यांना उठावं लागू नये म्हणून. पण त्यांनी उठणं सोडलं नाही. गल्लीच्या तोंडाशी, कापसाच्या जिनिंगजवळच्या स्पीडब्रेकरवर डिकी वाजली की ते रेडिओ बंद करायचे, चपला घालायचे आणि शटर हलायच्या आत तिथं येऊन उभे राहायचे. आजवर एक दिवस चुकला नव्हता.

कुणालला ते रोज दारात दिसायचे. पाय मोकळे करत असतील, असंच तो धरून चालला होता.

"आता ब्रेकरवर काही वाजणार नाही," वैशाली म्हणाली. "मंग तुम्ही आले हे त्यांना कळीन कसं?"

ती सुपलीत काच घेऊन गेली. कुणालने बटण दाबलं. शटर खाली आलं. तेही हल्ली फार आवाज करत नसे.

दुसऱ्या दिवशी बोरगावच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो गाडीची डिकी उघडून आत वाकला होता. झाकणाच्या कडेला सर्व्हिस सेंटरवाल्यांनी काळी, मऊ नमद्याची पट्टी चिकटवली होती आणि चार स्क्रू घट्ट आवळले होते. त्याने पट्टी नखाने सोलून काढली. एक स्क्रू दोन आटे सैल केला. झाकण हाताने हलवून पाहिलं. मग आणखी एक आटा.

त्याच्याच विभागातला पंकज डबा धुऊन येताना थबकला. तीन महिने या खडखडीची कहाणी त्याने रोज ऐकली होती.

"काऊन बे? कालच तर नीट करून आणली ना? अन् आज तूच उखडून राहिला?"

"थोडी जास्तच नीट केली त्यांनी," कुणाल म्हणाला आणि पट्टी खिशात घातली.

पंकज मान हलवत निघून गेला.

संध्याकाळी जिनिंगच्या ब्रेकरवर कुणालने गाडी मुद्दाम थोडी जोरात घातली. डिकी वाजली. गल्लीतून तो अगदी सावकाश आला आणि शटरसमोर थांबला. रिमोट हातात होता, पण त्याने बटण दाबलं नाही. काच खाली करून तो ऐकत राहिला.

आतला रेडिओ बंद झाला. मग चपलांचा फटकफटक आवाज, घाई न करता येणारा. मग पत्र्यावर हात टेकल्याचा.

कुणालने बटण दाबलं.

शटर वर जाऊ लागलं. आधी चपला दिसल्या, मग पायजमा. कमरेइतकं वर आल्यावर त्याच्या खालच्या कडेला आतून दोन तळवे लागले. एका बोटाचं नख अजून काळं होतं. शटर आपल्या वेगाने वर जात राहिलं आणि ते हातही त्याच्यासोबत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, मग डोक्याच्याही वर. तिथं ते क्षणभर तसेच राहिले.

"आला का?" यशवंतराव म्हणाले. त्यांना जराशी धाप लागली होती. "लई जड आहे रे तुहं शटर."