विल्फ्रेडच्या चार बॅटऱ्या

माणसाची खरी पारख त्याच्या बॅटऱ्यांवरून होते, असं विल्फ्रेडने गंभीरपणे जाहीर केलं, पुढचं पाऊल टाकलं आणि पाण्याच्या पाइपात पाय अडकून तो डिलिसच्या बोटीवर आडवा झाला.

"हा पाइप उचला हो एकदाचा, डिलिस!"

"उचलते. आधी तुम्ही उठा."

डिलिसची बोट कालव्याच्या काठाला बांधलेली, आणि विल्फ्रेडची तिला लागून, पाण्याच्या बाजूला. काठावर जायचं तर डिलिसची बोट ओलांडूनच जावं लागे, आणि जाता-येता सल्ला दिल्याशिवाय विल्फ्रेडला राहवत नसे. बोटीतच राहणाऱ्यांना नियमाप्रमाणे पंधरवड्याला जागा बदलावी लागायची. तेव्हाही डिलिसचा आग्रह असा, की दोन्ही बोटी एकमेकींना बांधूनच न्यायच्या आणि शेजारी-शेजारीच लावायच्या. विल्फ्रेडला त्यात शिष्येची निष्ठा दिसे.

शिष्या कच्ची होती, एवढंच. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या या बाईने वर्षापूर्वीच्या नाताळात साठवणीतले पैसे मोडून महागड्या लिथियम बॅटऱ्या घेतल्या. छतावर सौर पाट्या बसवल्या. बॅटऱ्या भरायला सकाळ-संध्याकाळ तिचं इंजिन धडधडत असायचं. आणि एवढं करून बाई रात्री मेणबत्तीच्या उजेडात जेवायची.

विल्फ्रेडकडे शिशाच्या चार साध्या बॅटऱ्या होत्या. जुन्यापुराण्या. पण मीटरचा काटा कायम भरलेल्या खुणेवर. बोट हलवायची नसेल, तर तो इंजिनाला हातही लावत नसे.

"लिथियम म्हणजे नुसती श्रीमंती," तो कोट झटकत म्हणाला. "शिसं गरीब असतं, पण इमानी. अर्ध्याखाली उतरू द्यायचं नाही आणि दर रविवारी पाणी पाजायचं. बस्स."

"तुमच्यासारखं आम्हाला जमायचं नाही," डिलिस म्हणाली आणि तिने वेल्श केकची बशी पुढे केली.

पाणी पाजण्याचा कार्यक्रम तो स्वतःच करायचा. गुडघे गेले होते, त्यामुळे वाकणं बंद. बोटीच्या मागच्या झाकणातून लांब नळीची बाटली खाली सोडून तो अंदाजानेच ओतायचा. हात सरावला की बघायची गरज नसते, असं त्याचं म्हणणं होतं.

शनिवारी त्याची मुलगी हिलरी कॉव्हेंट्रीहून आली. एक रात्र राहायला, आणि त्या रात्रीवरच सगळं ठरणार होतं.

झोपेत विल्फ्रेडचा श्वास अडायचा. तोंडावर मुखवटा चढवून रात्रभर बॅटऱ्यांवर एक यंत्र चालू ठेवावं लागे. गेल्या हिवाळ्यात ते मध्येच बंद पडलं. शेजारचं घोरणं थांबलेलं ऐकून डिलिस धावत आली आणि तिने दोन सणसणीत थोबाडीत देऊन त्याला या जगात परत आणलं. विल्फ्रेडने सगळा दोष फ्यूजवर टाकला. मग हिलरी त्याला नाताळासाठी घरी घेऊन गेली. परतला तर काटा एकदम भरलेल्या खुणेवर.

"बॅटऱ्यांनाही सुट्टी लागते," त्याने डिलिसला समजावलं होतं.

हिलरीला हे पटलं नव्हतं. तिने वृद्धांसाठीची एक खोली बघून ठेवली होती. पलंगाजवळ दोरी, ओढली की नर्स हजर. जानेवारीच्या थंडीत यंत्र सकाळपर्यंत चाललं तर डॅडने बोटीवर राहावं. नाहीतर बोट विकायची आणि खोलीत जायचं.

"आणि चलाखी नको, डॅड. इंजिन लावायचं नाही."

"इंजिन लावणारी माणसं वेगळी," विल्फ्रेड शेजारच्या बोटीकडे हनुवटी उडवत म्हणाला.

त्याने मुद्दाम सगळे दिवे लावले. फ्रीज चालू, रेडिओ चालू. शेजारी मात्र अंधार पडल्यावर मेणबत्तीसुद्धा दिसेना.

"त्या बाईंना बरं नाही का?" हिलरीने विचारलं.

"बॅटऱ्या बसल्या असतील. सांगून सांगून थकलो मी."

सकाळी कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि यंत्र अजून सुस्कारे टाकत होतं. रात्रभर त्याच्याकडे कान लावून बसलेल्या हिलरीने किटली चढवली. पाठमोरीच डोळे पुसले.

"ठीक आहे, डॅड. राहा."

"मनाला लावून घेऊ नकोस," विल्फ्रेड म्हणाला. "बॅटरी हा सगळ्यांचा विषय नसतो."

हिलरीची गाडी दिसेनाशी झाली आणि विजयाने विल्फ्रेडचं मन मोठं झालं. तो थेट डिलिसकडे गेला. बाई दोन कोट घालून, हात काखेत दाबून बसली होती.

"हीटर बंद पडला रात्री," ती म्हणाली. "पण यंत्र चाललं ना तुमचं?"

"चालणारच! आता तुमच्या वायरिंगचा निकाल लावतो. कुठेतरी गळती आहे. कोणीतरी तुमची वीज खातंय, बाई."

"खाऊ दे. तुम्ही चहा घ्या."

"तुमच्या याच स्वभावामुळे हे असं होतं!"

"विल्फ्रेड, बसा म्हणते ना!"

पण तो निघालाच. आधी वाटेतला तो पाइप दूर करावा म्हणून त्याने उचलला. पाइप जड लागला. पाण्याचा खळखळाट नव्हता. आत बोटाएवढ्या जाड दोन तारा होत्या, एक लाल, एक काळी. एक टोक डिलिसच्या नव्या बॅटऱ्यांकडे गेलं होतं. दुसरं कठडा ओलांडून त्याच्याच बोटीत, मागच्या झाकणाशेजारच्या भोकातून खाली.

विल्फ्रेडने टॉर्च घेतला. कठड्याला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि वर्षभरात पहिल्यांदा आत डोकावून पाहिलं.

दिवे, फ्रीज, यंत्र, तो भरलेला काटा, सगळं त्या दोन तारांवर होतं. त्याच्या चार बॅटऱ्या काठोकाठ पाण्याने भरलेल्या होत्या आणि कशालाच जोडलेल्या नव्हत्या.